कमानीखालचे वक्ते

संपादकांचे पत्र आषाढाच्या अखेरीस आले. यंदाच्या अंकाचा विषय 'वाणी' असा ठरला असून आपण सभेत बोलण्याची कला कशी सुधारावी यावर लिहावे, एवढी विनंती करून त्यांनी खाली तांबड्या शाईने एक अट जोडली होती : लेख घरी बसून लिहू नये, कोठे तरी जाऊन, पाहून लिहावा. या अटीने मी पेचात पडलो. कारण वक्तृत्वावरील उपदेशपर पुस्तके माझ्या कपाटात पुरेशी आहेत, आणि आरशासमोर उभे राहावे, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहावे, हातवारे बेताचे करावेत, ही त्यांतील वचने उतरून काढण्यास उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची गरज नव्हती. परंतु बोलणे ही वस्तू जाऊन पाहायची कोठे? पुण्यास जावे, तर तेथे श्रोत्यांतला प्रत्येकजण मनातल्या मनात अध्यक्षीय समारोप करीत बसलेला असतो. शेवटी मी जबलपूरचे तिकीट काढले. तेथे माझे एक शाळासोबती निवृत्त शिक्षक म्हणून राहतात आणि दरवर्षी गणेशोत्सवातील वक्तृत्वस्पर्धेसाठी मराठी घरांतल्या मुलांची तालीम घेतात, हे एक कारण. आणि दुसरे कारण म्हणजे त्या शहरातील कमानिया गेट.

अध्यक्षांचा आवाज

नावावरून एखादी गोंडांच्या किंवा भोसल्यांच्या अमदानीतली वेस डोळ्यांपुढे येते, परंतु बडा फुहारा आणि सराफा यांच्या दाट वस्तीत उभी असलेली ही कमान तशी अलीकडची, १९३९ सालची आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नर्मदेच्या काठी, तिलवारा घाटाजवळ वसविलेल्या विष्णुदत्तनगरात काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. कलचुरी राजांची जुनी राजधानी त्रिपुरी, म्हणजे भेडाघाटच्या वाटेवरचे आजचे तेवर गाव, तिच्यावरून त्याला त्रिपुरी काँग्रेस असे नाव पडले, आणि त्याचे स्मारक म्हणून भर बाजारात ही कमान उभारली गेली. सराफ्यातल्या पेढीवर बसलेला मनुष्य हा इतिहास दोन वाक्यांत सांगतो, आणि तिसऱ्या वाक्यात हत्तींवर येतो. अधिवेशन बावन्नावे म्हणून मिरवणुकीच्या रथाला हत्तीही बावन्न जुंपले होते. मात्र त्या रथात अध्यक्ष नव्हते, त्यांची तसबीर होती.

ही तसबीर माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुभाषचंद्र बसू त्या वर्षी जानेवारीच्या २९ तारखेला १५८० मते मिळवून, पट्टाभि सीतारामय्यांच्या १३७७ मतांवर मात करून निवडून आले होते, आणि पट्टाभींचा पराभव हा त्यांच्यापेक्षा माझाच अधिक आहे असे गांधीजींनी जाहीर केल्यामुळे या अधिवेशनाकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते. अशा वेळी अध्यक्षाने उभे राहून, आपल्या विरोधकांच्या नजरेला नजर देऊन बोलावयाचे. पण बसूंच्या अंगात सडकून ताप होता. त्यांना स्ट्रेचरवरून बैठकीला आणावे लागले, आणि खुल्या अधिवेशनातले त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे वडील बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखविले. भाषण काँग्रेसच्या शिरस्त्याच्या मानाने फारच आटोपशीर होते आणि त्यात इंग्रज सरकारला सहा महिन्यांची निर्वाणीची मुदत द्यावी अशी जळजळीत सूचना होती. गांधीजी तर त्रिपुरीला आलेच नव्हते. ते राजकोटला होते. तरी पंडित गोविंद वल्लभ पंतांनी मांडलेला, अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव मंजूर झाला, आणि एप्रिलच्या २९ तारखेस बसूंनी राजीनामा दिला.

सुभाषबाबू स्वतः बोलले असते तर इतिहास बदलला असता, असे मी म्हणणार नाही. मतांची गणिते भाषणांपूर्वीच मांडून झालेली असतात, हे कोणत्याही नगरपालिकेच्या सभासदास ठाऊक आहे. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्या अधिवेशनात एका मोठ्या वक्त्याला दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागले आणि दुसरा मोठा मनुष्य शेकडो मैलांवरून एक शब्दही न बोलता सभा हलवून गेला, त्याच्या स्मारकाशीच शहराने आपले बोलण्याचे ठिकाण करावे, हा योग कोणी ठरवून आणलेला नव्हता. निवडणुका, सत्कार, निषेध, कविसंमेलने, ज्याला शहराशी बोलायचे आहे तो या कमानीची वाट धरतो.

कर्णेवाल्याची मूठ

मी पोहोचलो ती १४ ऑगस्टची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशीच्या उत्सवानिमित्त कमानीशी सभा होती, म्हणून सामान मित्रांच्या ओसरीवर टाकून आम्ही दोघे तसेच बाजारात आलो. श्रावणाची भुरभुर चालू होती. जवळच्या हलवायाच्या कढईतून खव्याची जिलबी निघत होती. वरून काळसर, आतून मऊ, आणि दोन नगांत रात्रीच्या जेवणाला रजा देणारी ही जबलपूरची खास वस्तू हातात घेऊन लोक उभे होते, त्यांत सभेला आलेले किती आणि जिलबीला आलेले किती हे सांगणे कठीण होते. चार तख्तपोस जोडून मंच केला होता. त्याच्या एका अंगाला, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, ध्वनिक्षेपकाचे यंत्र मांडून एक साठीचे गृहस्थ बसले होते आणि त्यांची उजवी मूठ यंत्राच्या बटणावरून सभा संपेपर्यंत हलली नाही. हा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा. माझे मित्र त्यांना ओळखत होते, म्हणून मलाही त्या कागदाखाली जागा मिळाली. आणि मी प्रामाणिकपणे सांगतो की वक्तृत्वावरील सारी पुस्तके एका पारड्यात घातली तरी त्या अडीच तासांचे पारडे खाली जाईल.

पहिल्या वक्त्यांनी व्यासपीठावरील मान्यवरांची नावे, पदव्या व हुद्दे घेण्यास माझ्या घड्याळाने सात मिनिटे लावली, आणि त्या अवधीत निदान दहा जणांनी शेंगदाणे विकत घेतले. दुसरे वक्ते तरुण होते. त्यांनी ध्वनिक्षेपक ओठांना टेकवला, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक 'भारता'तला भकार तोफेच्या बारासारखा फुटू लागला. ते जसजसे ओरडत, तसतशी आमच्या गृहस्थांची मूठ बटण मागे फिरवी, आणि बिचाऱ्यांच्या साऱ्या आवेशाची गोळाबेरीज शून्यावर येई. तिसऱ्यांनी कागद काढला. कागद वाचण्यास मान खाली गेली की आवाजही खाली छातीत जातो, आणि पुढच्या ओळीसाठी मान वर आली की तो एकदम डोक्यावरून निघून जातो. मूठ एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, अशी वीस मिनिटे फिरत राहिली.

मधल्या विश्रांतीत त्यांनी मला कमानीपासून दूर, पार त्या टोकाच्या खांबाला बांधलेला एक कर्णा दाखवला. विजेच्या तारेतून शब्द तेथे तत्क्षणी पोहोचतो, पण तेथून हवेतून परत मंचाकडे येण्यास त्याला वेळ लागतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. कर्णा शंभर-सव्वाशे मीटरांवर असला तर वक्त्याला आपलाच शब्द सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा उशिरा, शिळा होऊन ऐकू येतो. नवख्या मनुष्याची जीभ या प्रतिध्वनीने अडखळते, तो घाबरतो, घाबरला की भराभर बोलतो, आणि भराभर बोलला की पुढला शब्द मागल्या शब्दावर आदळून श्रोत्यांपर्यंत नुसता कल्लोळ जातो. "बाबूजी, जो अपनी आवाज़ के लौटने का इंतज़ार करे, वही यहाँ बोल सकता है," असे ते म्हणाले, आणि यंत्रावरचे पाणी पुसू लागले. इतक्या वर्षांत सर्वांत चांगले कोण बोलले असे मी विचारताच त्यांनी नाव काही सांगितले नाही. जो मंचावर आल्यावर 'हॅलो, हॅलो' म्हणत ध्वनिक्षेपकावर टिचक्या मारीत नाही, तो बहुधा बरा बोलतो, एवढेच लक्षण सांगितले.

चौथे वक्ते एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतर राखले, हलवायाच्या दुकानाकडे पाहिले, आणि तिकडे ऐकू येते का असे विचारून उत्तर येईपर्यंत ते खरोखरच थांबले. मग त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली : ते लहानपणी आपल्या बापाच्या खांद्यावर बसून बावन्न हत्ती मोजत होते, अठ्ठेचाळिसाव्या हत्तीला शिंक आली, आणि पुढे आयुष्यभर ते अठ्ठेचाळीसच हत्ती होते म्हणून भांडत राहिले. लोक हसले. हसणे संपेपर्यंत गृहस्थ पुन्हा थांबले, मग स्वातंत्र्याविषयी पाच-सहा वाक्ये बोलले आणि बसले. चार मिनिटेही झाली नसतील. मी शेजारी पाहिले, तेव्हा त्या साऱ्या वेळात बटण जागचे हलले नव्हते.

पाच मिनिटे, दोन घंटा

मित्रांचे घर जुन्या वस्तीत आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ मध्ये संपला तरी मराठी माणसे या शहरात येतच राहिली, पुढे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांनी आणखी आणली. त्यांची आजची मुले रस्त्यावर, वर्गात, क्रिकेटच्या मैदानात हिंदीत वावरतात आणि मराठीकडे घराचा उंबरठा ओलांडल्यावर वळतात. अशा मुलांना मराठीतून चारचौघांपुढे उभे राहण्याची जागा बहुधा एकच, गणपतीचा मांडव. टिळकांनी १८९३ मध्ये पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हा त्यांच्या मनात काय काय होते याची चर्चा पुष्कळ झाली आहे; महाराष्ट्राबाहेरील तीन-चार पिढ्यांना त्याने सभेत बोलण्याची पहिली पायरी बांधून दिली, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर नऊ मुले होती. आठवीतल्या एका मुलीचा विषय होता 'माझे गाव'. तिच्या हातात पुण्याच्या आत्याने फोनवर धाडलेल्या भाषणाची छापील प्रत होती, आणि त्यात 'नर्मदामैयाच्या पावन तटावर विराजमान झालेली ही पुण्यनगरी' असे एक वाक्य असे काही बसले होते की मुलगी त्या वाक्याशी आली की तिचा श्वासच संपे. गुरुजींनी, म्हणजे माझ्या मित्रांनी, कागद घडी करून आपल्या खिशात घातला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. पुण्याची मुले हसतात, ती म्हणाली. मागच्या सुटीत तिथे "मी येऊन राहिली आहे" म्हटले तर सगळे हसले. आता यावर शुद्धाशुद्धाचे प्रवचन होणार, असे मला वाटले. गुरुजींनी एवढेच विचारले की काल कमानीशी काय झाले ते घरी आजीला सांगितलेस का? सांगितले, ती म्हणाली; आणि हत्तीच्या शिंकेची ती गोष्ट, जी मी वर चार ओळींत कशीबशी आवरली, तिने वाड्याच्या आरपार ऐकू जाईल अशा आवाजात, शिंकेसकट सांगितली.

मला माझी स्पर्धा आठवली. मी सातवीत असताना एका शाळेत, जिचे नाव येथे सांगत नाही, दुसऱ्याने लिहिलेले टिळकांवरचे भाषण पाठ करून उभा राहिलो होतो. मंडालेपर्यंत सुखरूप गेलो. तेथे एक शब्द हरवला, आणि तो शब्द सापडल्याशिवाय पुढला शब्द येईना, कारण पाठ केलेले भाषण साखळीसारखे असते, एक कडी निसटली की सगळी ओढ जाते. मी गप्प उभा राहिलो. चौथ्या मिनिटाची सूचनेची घंटा वाजली. पाचव्याची शेवटची घंटा वाजली. त्यानंतर कोणी तरी मला हाताला धरून खाली उतरविले. परीक्षकांतील एक गृहस्थ हसत होते.

माझ्या मित्रांची रीत पाठांतराची नाही. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य एवढेच काय ते तोंडपाठ, कारण आरंभी भीती असते आणि अखेरीस थांबावे कोठे ते कळत नाही. मधले तीन मुद्दे तीन बोटांवर, आणि ते दर खेपेला निराळ्या शब्दांत आले तरी चालतील. पाच मिनिटांस पाचशे शब्द, त्याहून एक अधिक नको. हे पुष्कळ जण सांगतात. पुढली युक्ती मात्र मी अन्यत्र पाहिली नव्हती. बोलणारे मूल ओसरीच्या एका टोकाला उभे राहते, बाकीची आठ मुले अंगणापलीकडे, पडवीत, डोळे मिटून बसतात; ज्याला शब्द ऐकू येणार नाही त्याने हात वर करावयाचा, डोळे उघडायचे नाहीत. वाक्याच्या शेवटी आवाज गळाला की चार हात वर. जोडाक्षर खाल्ले की दोन हात वर. आणि भाषण संपल्यावर 'छान झाले' किंवा 'वाईट झाले' असा निकाल देण्यास गुरुजींची सक्त मनाई आहे. ऐकणाऱ्यांनी फक्त आपल्याला काय आठवते ते सांगावयाचे, आणि जे कोणालाच आठवले नाही ते वक्त्याने दुसऱ्या दिवशी गाळून यावयाचे. आत्याच्या भाषणातले त्या दिवशी कोणाला काही आठवले नाही. हत्तीची शिंक आठही जणांना आठवली.

पूर्वरंग

गुरुजींचे वडील हरदासी कीर्तन करीत. या रीतीचे मूळ तेथे आहे, असे त्यांचे म्हणणे; आणि विचार करता मलाही ते पटले. आपण पाश्चात्त्यांची वक्तृत्वशास्त्रे धुंडाळतो, पण पूर्वरंगात आरंभीच अभंग गाऊन श्रोत्यांच्या कानांत विषय सोडून द्यावा, मग त्याचे निरूपण करावे, मध्ये भजन धरून स्वतःस व सभेस श्वास घेऊ द्यावा, आणि उत्तररंगात तोच विषय आख्यानाच्या रूपाने चालता-बोलता करून दाखवावा, ही नारदीय कीर्तनाची घडी म्हणजे दोन-तीन तास लोकांना जागे ठेवण्याचा पिढ्यान्‌पिढ्या कसास लागलेला बंदोबस्त आहे. कीर्तनकारास आपले बोलणे कोठे पोहोचले आणि कोठे पडले याची खबर टाळकऱ्याच्या मानेवरून, पुढे बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावरून, क्षणोक्षणी मिळत असते. गाडगे महाराज याच्याही पुढे गेले. शाळेचे तोंड न पाहिलेला हा मनुष्य दिवसा गाव झाडी आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करताना सभेला प्रश्न विचारी, तो उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकत नसे. साऱ्या गावाच्या तोंडून 'नाही' वदवून घेतल्यावर मग कर्ज काढून देवाला बकरे कापण्याविरुद्ध वेगळा उपदेश करण्याचे त्याला कारणच उरत नसे.

शहरी वक्तृत्वाची शाळा निराळी. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच मुळी वक्तृत्वोत्तेजक सभा. बोलण्याला उत्तेजन द्यावे लागते, ते आपोआप येत नाही, ही जाणीव त्या नावात आहे. त्या काळच्या पुण्यात एकाच व्यासपीठावर किती तऱ्हा नांदल्या! 'काळ'कर्त्या शिवराम महादेव परांजप्यांची वक्रोक्ती अशी की सरकारचे बातमीदार लिहून घेत ते शब्द आणि लोक ऐकत तो अर्थ यांची गाठ पडत नसे. टिळकांचे बोलणे साधे, अलंकारांची हौस नसलेले, पुढे पुढे रेटत नेणारे. आणि गोखले तर आकड्यांचे वक्ते, ज्यांनी १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणात सरकारी शिल्लक हीच रयतेच्या दारिद्र्याची साक्ष म्हणून उभी केली. यांतील कोणाचीही नक्कल करून दुसरा वक्ता झाला नाही. आचार्य अत्रे यांची नक्कल करणारे तर माझ्या तरुणपणी गल्लीगल्लीत होते. त्यांना टाळ्या पडत, पण त्या अत्र्यांना पडत.

विनोबांची गोष्ट आणखी वेगळी, आणि जबलपूरला ती सांगणे योग्य, कारण या शहराला 'संस्कारधानी' हे नाव त्यांनीच दिलेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. समोर कैदी. साने गुरुजी ती ऐकता ऐकता उतरून घेत होते, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हाती आहेत. लिहिलेले बोलून दाखवण्याची नव्हे, बोललेले लिहून ठेवण्याची ही तऱ्हा. ते पुस्तक मोठ्याने वाचून पाहिले की त्यात श्वास कोठे घेतला होता तेही कळते.

धुवांधारपाशी

ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीस तोंडात गारगोट्या धरून बोलण्याचा सराव करी आणि समुद्राच्या गर्जनेपुढे उभा राहून आवाज कमावी, असे प्राचीन लेखक सांगतात, आणि वक्तृत्वाच्या प्रत्येक पुस्तकाने ते त्यांच्याकडून घेतले आहे. माझ्या मित्रांनी तरुणपणी त्याचा प्रयोग केला. जबलपूरला समुद्र नाही, पण भेडाघाटचा धुवांधार आहे. महिनाभर दर रविवारी सायकलने जाऊन त्यांनी प्रपातासमोर उभे राहून भाषण केले. महिन्याअखेर घसा असा बसला की शाळेत आठवडाभर फळ्यावर लिहून शिकवावे लागले. आम्ही दोघे ती जागा पाहण्यास गेलो, तर नर्मदेला पूर होता आणि पुराच्या पाण्यात प्रपातच बुडून गेला होता. नुसते करडे पाणी वाहत होते. घशाच्या बळाने ओरडणे म्हणजे आवाज वाढविणे नव्हे, तो पोटातून, श्वासाच्या आधारावर निघाला पाहिजे, हे ज्ञान त्यांना पुढे एका गवयाने दिले. उताणे निजून पोटावर पाटी ठेवायची आणि श्वासाबरोबर ती उचलली जाते की नाही ते पाहायचे; मुलांकडून ते आता हेच करून घेतात. गारगोट्यांची मात्र मुलांनी वाट पाहू नये.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला आणखी एकाची आठवण दिली. पुण्याने ज्यांना नंतर पाहिले ते रजनीश त्याआधी या जबलपुरातच शिकले व येथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. १९६६ मध्ये नोकरी सोडून ते केवळ बोलण्याच्या बळावर देशभर हिंडले. त्यांच्या मतांविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. पण त्यांची ध्वनिमुद्रणे कोणी ऐकली तर शब्दांपेक्षा शब्दांमधल्या मोकळ्या जागा ऐकाव्यात. ते वाक्य अर्ध्यावर सोडून इतका वेळ थांबत की श्रोता ते आपल्या मनात पुरे करून टाकी, आणि मग पुढचे शब्द त्याला आपलेच वाटत.

तीस रुपये परत

भीतीचे काय, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. सभेपुढे उभे राहताच छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात. शरीराला सभा आणि वाघ यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही प्रसंगी पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते, आणि अशा तयारीत लाळेसारख्या गौण गोष्टींकडे त्याचे लक्ष नसते. पाण्याचा घोट व पहिल्या वाक्यापूर्वीचा एक संथ उच्छ्वास, याहून वेगळे औषध माझ्या माहितीत नाही. पण भीती वाटते म्हणून आपण या कामाचे नाही, असे मानणाऱ्या मुलांना गुरुजी मामीबाईंच्या खटल्याची हकिगत सांगतात. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण मुंबईच्या लघुवाद न्यायालयात उलटतपासणीस उभा राहिला, त्याचे डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला, अशिलाच्या माणसाला दुसरा वकील करण्यास सांगून त्याने आपली तीस रुपयांची फी परत केली आणि कोर्टातून निघून गेला. विलायतेत तर त्याने लिहून नेलेले भाषणही दुसऱ्याकडून वाचवून घेतले होते. आत्मकथेत हा सारा फजितीचा पाढा गांधीजींनी स्वतःच वाचला आहे, आणि या संकोचामुळेच शब्द काटकसरीने वापरण्याची सवय लागली असा त्याचा जमाखर्चही तेथेच मांडला आहे.

ही हकिगत चालू असताना ती आठवीतली मुलगी ओसरीच्या टोकाला उभी होती. तिने विचारले, "गुरुजी, मग ते तीस रुपये परत मिळाल्यावर मामीबाई काय म्हणाल्या?" गुरुजींना उत्तर ठाऊक नव्हते. मलाही नाही. पण ज्याच्या कामी आपण बोलायचे त्याचे काय झाले, हा प्रश्न वक्तृत्वावरच्या माझ्या कपाटातील एकाही पुस्तकात मला आढळलेला नाही.

भाद्रपदाच्या अखेरीस मित्रांचे पत्र आले. स्पर्धेत सव्वीस मुले होती, आणि मुलगी हत्तींवरच बोलली. मध्ये एकदा "बघून राहिले होते" असे तिच्या तोंडून गेले व परीक्षकांनी त्याचा एक गुण कापला. तिला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. तिचे भाषण चार मिनिटे चाळीस सेकंदांत संपले; शेवटची घंटा तिच्यासाठी वाजवावी लागली नाही.